आधी तिच्या आईला विचार

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू सांगून गेलास, की शाळा सुटायच्या वेळी कॉलेज रोडला गाडी लावून तुझ्या सावत्र लेकीला बघत बसतोस. 'भेटत नाही काका, लांबूनच.' अरे, तिनं पाहिलं तर? धावत यायचं की नाही, आईला सांगायचं की लपवायचं, हे त्या आठ वर्षांच्या पोरीनं ठरवायचं? उद्यापासून ते बंद. आधी तिच्या आईला विचार.

वकिलानं सांगितलं ते खरं आहे: 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, मुलाचा नैसर्गिक पालक कोण हे सांगणाऱ्या कलम 6 मधल्या 'वडील' शब्दात सावत्र वडील धरलेलेच नाहीत. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली स्नेह्यालाही अर्ज करता येतो, पण तो पालक नेमण्यासाठी. तुला पालकत्व कुठं हवंय? तुला एखाद्या रविवारची दुपार हवीय.

तुमचा घटस्फोट सहमतीनं चाललाय ना? मग पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, पण तू ती घाई करू नकोस. तेवढ्या काळात सहमतीच्या अटींमध्ये भेटीचंही लिहून घेता येईल. पण त्याखाली सही कुणाची लागणार? तिच्या आईचीच. म्हणून म्हणतो, आधी तिला विचार. आणि इंदिरानगरच्या फ्लॅटचा विषय यात आणायचा नाही. 'हिस्सा सोडतो, पोरीला भेटू दे' हा सौदा झाला, आणि मोठी झाल्यावर तो तिला कळणारच.

माझं म्हणशील तर माझ्या सावत्र मुलाची आई 'सध्या नको' म्हणाली आणि मी थांबलो. ज्याला रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी घेऊन पहिला धप्पा मारायला मी शिकवलं, त्याचा दहावीचा निकाल मला शेजाऱ्यांकडून कळला. ते अजून सलतं. भाऊबंद म्हणाले, सावत्रच तो, रक्ताचा असता तर सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. म्हणू देत! मी भांडलो असतो तर त्या पोराला न्यायाधीशांसमोर उभं करून 'तुला कोण हवंय' असं विचारलं गेलं असतं. ते मला तेव्हाही नको होतं, आजही नको आहे. आता तो फोन करतो, बहुतेकदा गाडीच्या विम्याचं विचारायला. मला चालतं.

तुला मात्र रात्री झोप लागत नाही, हे दिसतं रे मला. म्हणून थोडकंच माग: आठवड्यातून एक फोन, तोही आजी शेजारी बसलेली असताना. ठरलेली वेळ चुकवू नकोस. पोरीकडून घरातल्या बातम्या काढू नकोस. आई नाही म्हणाली तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचार, पण तिलाच. मामाला नाही, शाळेतल्या बाईंना नाही.

निरोप आज रात्री लिहून काढ आणि पाठवण्याआधी मला दाखव. चार ओळींच्या वर जाऊ नकोस. त्यात फ्लॅट दिसला तर मी तो पाठवू देणार नाही.

तुझा,
काका