डेलाव्हिएगाला पहिल्यांदा जाताना

डेलाव्हिएगाला पहिल्यांदा खेळायला जाताय म्हणालात, छान कोर्स निवडलात! कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझचं हे डिस्क गोल्फचं (डिस्क म्हणजे तबकडी फेकून टोपलीत टाकायच्या खेळाचं) कोर्स १९८४ पासून आहे. शिकत असताना माझे रविवार तिथेच जायचे. परवा वीस वर्षांनी पुन्हा गेलो आणि पहिल्याच टीवर, म्हणजे फेकायच्या जागेवर, मन भरून आलं. नवखी मुलं मात्र आमच्याच जुन्या चुका करत होती, म्हणून सांगतो:

- एक पटर (जवळच्या फेकीची डिस्क), एक मिडरेंज (मध्यम अंतराची). बस्स. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, आत्ता घेऊच नका. त्याला हाताचा वेग लागतो. तो नसेल तर उजव्या हाताचा बॅकहँड (छातीसमोरून हात नेऊन केलेली फेक) लगेच डावीकडे कलंडतो.
- जोर कमी करा. डिस्कची पुढची कड वर झाली की ती चढते, थबकते आणि पडते. धावत येऊन फेकू नका, उभ्यानेच फेका.
- दरीत गेलेली डिस्क शोधताना तीन-तीन पानांच्या झुडपांना हात लावू नका. तो पॉयझन ओक, अंगावर पुरळ उठतं.

सत्ताविसाव्या होलवर, 'टॉप ऑफ द वर्ल्ड'वर, टेकडीच्या माथ्यावरून पूर्ण ताकद लावायचा मोह होईल. तिथेही मिडरेंज, सपाट आणि सावकाश. फोरहँड, रोलर वगैरे फेकीच्या इतर प्रकारांबद्दल पुढच्या खेपेला बोलू.