925 नाही म्हणून चांदी नाही? आधी पॉलिश थांबवा

फ्रान्समधल्या लिऑनच्या जुन्या बाजारातून आणलेल्या पेल्यावर 925 (हजारात 925 भाग चांदी) हा शिक्का दिसत नाही, म्हणून सराफांनी तो 'जर्मन सिल्व्हर', म्हणजे चांदी नसलेला मिश्रधातू, ठरवला आणि आता तुम्ही तो चकचकीत करून विकणार आहात, हे वाचून पोटात गोळा आला. मी नेमकं हेच केलं होतं.

सराफांचा दोष नाही. जुन्या फ्रेंच चांदीवर आकडा शोधायचा नसतो, डोकं शोधायचं असतं. 1838 पासून तिथे शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा या रोमन देवीच्या डोक्याचा ठसा आहे. कपाळासमोर 1 असेल तर 950, म्हणजे 95 टंच, तुमच्या 925 पेक्षा सरस. हनुवटीखाली 2 असेल तर 800. तुमच्या फोटोतला काठाजवळचा ठिपका मला मिनर्व्हाच वाटतो. पण मी सराफ नाही आणि फोटोवरून शपथ घेणार नाही. दहापट भिंग घ्या.

त्याहून महत्त्वाची असते शेजारची शंकरपाळी. त्या आकारात कारागिराची आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह असतं. मिनर्व्हा शंभराहून जास्त वर्षं चालली, त्यामुळे पेला कधीचा हे ठरवायला शंकरपाळीच कामी येते. आद्याक्षरं सरळ चौकोनात असली तर मात्र बहुधा मुलामा.

माझ्या पेल्यावर यंत्राने कोरलेल्या बारीक लाटा होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेत कुणाची तरी आद्याक्षरं. तिकडे असे पेले बाप्तिस्म्याला देतात. मी भाच्याच्या बारशाला द्यायचं ठरवलं. परक्याचं नाव कशाला, म्हणून ते घासून काढायला दिलं. कारागिराने फारच मन लावून काम केलं. अख्ख्या काठावर आतून-बाहेरून बफ (पॉलिशचं चाक) फिरवला. शंकरपाळी गेली. ठसा मारताना खालच्या ऐरणीवरची किड्यांची नक्षी आतल्या बाजूला उमटते (खोटा ठसा पकडायला ही युक्ती), तीही गेली. नावाच्या जागी पत्रा इतका पातळ झालाय की अंगठ्याने दबतो.

मग मूल्यांकनासाठी एका कार्यालयात तीन खेपा. साहेबांनी भिंग हातातही घेतलं नाही. काट्यावर ठेवला, 'चांदीचा पेला, जुना' असं लिहिलं आणि फी घेतली. असो, त्या विषयावर मी रात्रभर बोलू शकतो.

नाव राहू द्या. माझ्या मते कोरलेलं नाव हा डाग नाहीच; ज्याला खुपतं त्याने नवीन पेला घ्यावा. विकत घेताना मोकळ्या जागेवर तोंडाची वाफ सोडून बघा, पुसलेली अक्षरं कधीकधी क्षणभर उमटतात. माझ्या पेल्यावर अजून एक 'एल' उमटतो.

काळपटपणाला कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ सुती कापड. रांगोळी आणि टूथपेस्ट अजिबात नको, आई कितीही म्हणाली तरी. आणि काठाच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, तिरप्या उजेडात.