घरगुती कापड-व्यवसायासाठी पर्यावरणपूरक रंगाई आणि फिनिशिंग कोणतं? नैसर्गिक रंग वापरले की झालं ना?

ताई, सुती साड्या-दुपट्ट्यांचा छोटा ब्रँड काढताय, रंगाई-फिनिशिंग निसर्गाला त्रास न देणारं हवंय, इथवर प्रश्न रास्त आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "नैसर्गिक रंग वापरले की झालं ना?" त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. नाही झालं.

मी इचलकरंजीचा डाईंग मास्टर. माझी भाची पुण्यात नैसर्गिक रंगांच्या ओढण्या करते, प्रदर्शनांत स्टॉल लावते. एका भाऊबीजेला बहिणीनं ओवाळून ताट खाली ठेवलं नाही तोवर ही सगळ्यांदेखत म्हणाली, "मामा, तुमच्या लोकांनीच पंचगंगा मारली." आमच्या धंद्याचा त्यात वाटा आहे, मी नाकारत नाही. कोल्हापूरचं सांडपाणीही त्याच नदीत येतं, पण ते सांगितलं की सबब वाटते, म्हणून सोडा. "तुमच्या लोकांनी" म्हणजे मला धरून, हे मात्र अजून झोंबतं.

लोक पाण्यातला रंग बघतात. नाला लाल झाला की पेपरात फोटो येतो. रंग काढणं त्यातल्या त्यात सोपं. चुना-फेरस टाकलं की बराचसा गाळात बसतो. खरा वैरी दिसतच नाही, तो म्हणजे मीठ. सुती कापडावर रिॲक्टिव्ह नावाचे कृत्रिम रंग चढवायला गडद शेडला लिटरमागं ६० ते ८० ग्रॅम मीठ लागतं. एकास दहा पाणी धरा, म्हणजे किलोभर कापडाला ६०० ते ८०० ग्रॅम. त्यातलं कापडावर काही राहत नाही, सगळं ड्रेनला जातं, आणि साध्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या यंत्रणेत, ते निघत नाही. आरओ लावून, उरलेलं पाणी आटवूनच काढावं लागतं. तिरुपूरला याच मिठानं नोय्यल नदी नासली, खाली ओरथुपालयम धरणाचं पाणी शेतीला चालेना. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगाईचे कारखाने बंद करायला लावले: बाहेर थेंब सोडणार नाही अशी व्यवस्था करा, मगच चालू करा.

म्हणून मी शेठच्या मागं कोल्ड पॅड बॅच या रंगाईच्या पद्धतीचा लकडा लावला होता. यात मीठ शून्य. रंग एका टाकीत, अल्कली दुसऱ्या टाकीत, ट्रफात, म्हणजे रंगाच्या कुंडात, शिरतानाच चार भाग रंगाला एक भाग अल्कली असं मिसळायचं. कापड त्यात बुडवून मँगलमध्ये, म्हणजे दाबाच्या रुळांत, पिळायचं, बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळायचं, प्लास्टिकनं घट्ट बांधायचं आणि रात्रभर हळूहळू फिरवत ठेवायचं. रंग बसायला वाफ लागत नाही. सकाळी धुलाई. शेठचं म्हणणं, "आपल्या नेहमीच्या जिगर मशीनवरनं माल त्याच पाळीत उतरतो. तुझा रात्रभर झोपणार, आणि शेड फसली तर पैसे कोण देणार?" एक नेव्ही ब्लूचा लॉट लावून बघू, एवढ्यावर तो कसाबसा तयार झाला.

नेमकी त्याच रात्री लाईट गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. बीम थांबला की आतलं रंगाचं पाणी खालच्या अंगाला उतरतं आणि सकाळी ताग्यात ठराविक अंतरानं गडद पट्टा दिसतो. तो लॉट मग काळा करण्यापलीकडं कामाचा राहत नाही. पाळीवरच्या पोरांना हाताशी घेतलं आणि बीम हातानं फिरवायला लागलो. प्लास्टिकवरनं तळवा दाबत गेलं की पाणी कुठं जमतंय ते कळतं, तिथं बुळबुळीत, मऊ लागतं. ती बाजू वर घ्यायची, थांबायचं, परत चाचपायचं. मोबाईलच्या उजेडात हे चाललेलं. एका पोराची बडबड सुरूच होती, "मास्तर, ही बाळंतीण आहे की बीम?" पहाटे लाईट आली. धुऊन सुकवल्यावर डावी कड, मध्य आणि उजवी कड असे तीन तुकडे कापून खिडकीशी शेजारी शेजारी धरले. फरक नाही. शेठनं ते उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "ते डिझेलचं काय ते बघा आता." तेव्हापासून गडद शेड कोल्ड पॅडवर जायला लागल्या. उन्हाळ्यात ट्रफातला रंग तापून कापडाला लागायच्या आधीच वाया जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही रंगाच्या पाण्यात बर्फ घालायचो. बर्फवाल्याला वाटायचं सरबताचा कारखाना आहे.

हे सगळं भाचीनं पहिलं पातेलं चुलीवर ठेवायच्या आधीचं.

पुढं एकदा तिच्या गच्चीवर गेलो. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल. वास मस्त, काम नेटकं. आणि कोपऱ्यात मोरचुदाची पिशवी! डाळिंबाच्या पिवळ्याला हिरवट झाक आणायला. काम झालं की ते निळसर पाणी थेट मोरीत. ओढणीच्या टॅगवर "केमिकल-फ्री". द्राक्षबागायतदार बुरशी मारायला बोर्डो मिश्रणात घालतात तेच हे मोरचूद, पाण्यात गेलं तर माशाला विष. विचारलं तर म्हणते, "थोडंसंच असतं हो मामा." शेठही मिठाबद्दल हेच म्हणायचा.

आता तुमचं. सुती कापडाला बहुतेक वनस्पतींचे रंग आपणहून धरत नाहीत. आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. मॉर्डंट म्हणून, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवायला, तुरटी वापरा, काळपट शेडला हिराकस, तेही तोलून. मोरचूद आणि क्रोमला हात लावू नका. हळद उन्हात उडते, बीट-जास्वंदी व्हिडिओपुरतं ठीक. एकदा गडद माल काढला की त्याच पाण्यात पुढचा फिका काढा, पातेलं लगेच ओतू नका.

त्याआधीच्या कामाबद्दल कुणी विचारतच नाही. ग्रे, म्हणजे मागावरनं आलेल्या कोऱ्या कापडाची खळ ॲसिडनं नाही, अमायलेज एन्झाईमनं काढा. आयोडीनचा थेंब टाकून बघा. निळा-जांभळा झाला तर खळ शिल्लक आहे आणि रंग डागाळणार. पांढरं करायला ब्लीचिंग पावडर नको, पेरॉक्साईड घ्या. नंतर कॅटलेज एन्झाईम टाकलं की उरलेला पेरॉक्साईड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, गरम धुलाईच्या एक-दोन फेऱ्या वाचतात.

फिनिशिंगचं तर मी म्हणेन, करूच नका. 'रिंकल-फ्री'मागं बहुधा फॉर्माल्डिहाईडचं रेझिन असतं. सुती साडी चुरगळते, तो तिचा धर्म आहे, इस्त्री करा. कापडावर धाग्यांचे बारीक गोळे फार येत असतील तर सेल्युलेज एन्झाईमनं बायोपॉलिश करून घ्या, पण वेळ चुकली तर ते कापडच खातं.

बाहेरून रंगवून घेणार असाल तर मिठाचं पाणी कुठं जातं हे विचारा, सर्टिफिकेट नंतर बघा. घातक अमाईन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर आपल्याकडं १९९७ पासून बंदी आहे, त्यामुळं "आमचे रंग अ‍ॅझो-फ्री" ही कुणी उपकार केल्यासारखी सांगायची गोष्ट नाही.

हो, एक राहिलंच. कोल्ड पॅड घरी होत नाही, मँगल लागतो आणि लॉटही मोठा लागतो. शिवाय कापडाला न लागलेला रिॲक्टिव्ह रंग धुलाईत जातोच. कोल्ड पॅडमध्ये कमी जातो, पण जातो. तेव्हा मी काही आमचा धंदा सोवळा म्हणत नाही. तुमच्या मापाला तुरटीवाले नैसर्गिक रंगच बरे पडतील, फक्त टॅगवर "केमिकल-फ्री" छापू नका. तुरटी काय झाडाला लागते?

हिरवा हवाच असेल तर आधी नीळ, कुंड गूळ-चुन्याचं, हायड्रोचं (सोडियम हायड्रोसल्फाईटचं) नको. त्यावर तुरटीनं डाळिंबाची साल चढवा. मोरचुदाशिवाय हिरवा होतो, भाचीला करून दाखवलाय. तिचं म्हणणं, शेड तितकी 'अर्दी', म्हणजे मातकट, नाही. नसू दे.