सगळ्या लाइनींवर एसएस 316चा एकच प्रेशर गेज लावला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मासळी गोठवण्याच्या कारखान्यात अमोनिया, वाफ, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक द्रावण), कंडेन्सर धुवायचं ॲसिड आणि वर्कशॉपमधला ऑक्सिजन-ॲसिटिलीन अशा लाइनी आहेत. स्टोअरमध्ये पाच प्रकारचे गेज सांभाळण्यापेक्षा सगळीकडे एसएस 316चा, म्हणजे या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, गेज लावला तर?

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, गेज निवडणं आणि कॅलिब्रेट करणं हे माझं रोजचं काम. अमोनिया आणि वाफेवर तुमचा विचार बरोबर आहे. हायपो आणि ॲसिडवर तो चालणार नाही. आणि ऑक्सिजनवर धातूपेक्षा वेगळीच गोष्ट जिवावर बेतते.

आधी अमोनिया, कारण तुमच्याकडे तोच सगळ्यात जास्त आहे. गेजमध्ये वायू फक्त दोन भागांना लागतो, लाइनीला जोडायचा थ्रेडवाला सॉकेट आणि आतली वाकडी बोर्डन ट्यूब, जी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा हलवते. साध्या गेजमध्ये सॉकेट पितळी आणि ट्यूब फॉस्फर ब्रॉन्झची असते, म्हणजे दोन्हीत तांबं. थोडा ओलावा असला की अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूला आतून तडकवतो. असा गेज उघडून बघा: सॉकेटवर निळसर-हिरवा थर दिसतो आणि ट्यूबवर केसासारखी बारीक चीर. ही चीर वाढत असताना काटा बराच काळ बरोबर दाब दाखवत राहतो, म्हणून ऑपरेटरला संशयही येत नाही.

खरेदीतला मोठा घोळ इथेच होतो. ऑर्डरवर नुसतं 'एसएस गेज' लिहिलं तर दुकानदार एसएस केसचा, म्हणजे नुसतं बाहेरचं कवच स्टीलचं असलेला, गेज देतो, पण आतले भाग पितळीच असतात. दिसायला चकचकीत, किंमत कमी, पर्चेसवाले खूश. म्हणून ऑर्डरवर 'ट्यूब आणि सॉकेट दोन्ही एसएस 316' असं स्पष्ट लिहा. माल आल्यावर सॉकेटचा थ्रेड बघा. पिवळा असेल तर परत करा. पांढरा दिसला तरी निकेल चढवलेलं पितळ असू शकतं, म्हणून कोपऱ्यात कानशीने जरासं घासून बघा. लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण पितळ आणि 316 दोन्ही त्याला सहसा चिकटत नाहीत. कॉम्प्रेसरच्या सक्शनला, म्हणजे वायू आत ओढण्याच्या बाजूला, व्हॅक्यूमही दाखवणारा कंपाउंड गेज घ्या. डायलवर दाबाशेजारी अमोनियाच्या तापमानाचा पट्टा असेल तर ऑपरेटरला सोयीचं पडतं.

आता ऑक्सिजन. इथे पितळ उलट स्टीलपेक्षा बरं. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये स्टील पेट घेऊ शकतं, तांब्याचे मिश्रधातू सहजासहजी घेत नाहीत. खरा धोका तेलाचा आहे. गेज कॅलिब्रेशनला जातो, तिथे बरेचदा तेलाच्या डेड वेट टेस्टरवर (वजनं ठेवून ठरावीक दाब देणारं यंत्र) तपासला जातो, ट्यूबमध्ये तेल राहतं आणि तोच गेज परत ऑक्सिजनवर चढतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडताच दाब एकदम वाढतो, वायू तापतो आणि ते तेल भडकतं. ऑक्सिजनचा गेज वेगळा ठेवा, डायलवर 'यूज नो ऑइल' छापलेलाच घ्या आणि तपासणीला पाठवताना 'तेल लावू नये' अशी चिठ्ठी बांधा. ग्लिसरीन भरलेला गेजही इथे कधीच नको. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

ॲसिटिलीनचा तांब्याशी संयोग होऊन जो पदार्थ तयार होतो तो धक्क्यानेही फुटतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांबं 90 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून साधा गेज तिथे लावायचा नाही. रेग्युलेटरचा गेज बदलताना ॲसिटिलीनसाठी बनवलेलाच घ्या.

वाफेला 316 छान चालतो, पण सायफनशिवाय नाही (गेजखालची वळणदार नळी, तिच्यातलं पाणी वाफेला ट्यूबपासून दूर ठेवतं), आणि व्हॉल्व्ह उघडण्याआधी सायफनमध्ये पाणी भरा. कथलाने झाळलेले पितळी गेज साधारण 60 अंशांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे वाफ थेट ट्यूबपर्यंत पोचली की झाळणच सुटते.

हायपो आणि कंडेन्सर धुवायला सहसा वापरतात ते हायड्रोक्लोरिक ॲसिड ही दोन्ही 316ची दुखणी आहेत. क्लोराइडमुळे स्टीलवर सुईच्या टोकासारखी भोकं पडतात आणि ट्यूबची भिंत मुळातच पातळ असते. तिथे डायफ्राम सील लावा, म्हणजे लाइन आणि गेज यांच्यामध्ये एक पातळ पडदा, जो दाब पलीकडच्या तेलातून गेजपर्यंत पोचवतो. खालचा भाग पीव्हीसीचा आणि डायफ्राम टेफलॉनचा असला तर या दोन्हींना पुरतो, आणि तुमच्या धुण्याच्या पंपाचा दाब तसाही कमीच असणार. दाब किंवा तापमान जास्त असेल तर टॅन्टॅलम धातूचा डायफ्राम, पण तो महाग. सीलमध्ये सहसा सिलिकॉन तेल भरलेलं असतं. डायफ्राम फाटला तर ते लाइनीत जाणार. मासळी धुवायच्या पाण्याच्या लाइनीवर सील लावणार असाल तर खाद्यपदार्थांना चालणारं तेल भरून मागा.

ॲसिड किती टक्क्यांचं वापरता आणि धुताना गरम करता का, हे कमेंटमध्ये लिहा. पीव्हीसी पुरेल की नाही ते त्यावरून सांगतो.