अंगातच ब्रेक आहे म्हणता, मग लिव्हरचा कॅन्सर थांबत का नाही?

प्रश्न: डॉक्टर, मी परभणीकडचा. आमच्या मामांना लिव्हरचा कॅन्सर निघाला, आयुष्यात दारूचा थेंब नाही घेतला माणसानं. माझी पोरगी लातूरला बीएस्सी करते, ती म्हणते पेशींची वाढ थांबवणारे पी२१, पी२७ असले प्रोटीन अंगातच असतात. मग तेच इंजेक्शननं देता येत नाहीत का?

उत्तर: पोरगी बरोबर बोलली. लिव्हरच्या पेशी एरवी निवांत पडलेल्या असतात, पण लिव्हरचा तुकडा कापला की त्याच कामाला लागतात आणि भरून आलं की आपोआप थांबतात.

शेतातली मोटार डोळ्यासमोर आणा. पेशीतलं सीडीके नावाचं प्रोटीन ही मोटार आणि सायक्लिन नावाचं दुसरं प्रोटीन म्हणजे लाईट, लाईट आली की मोटार सुरू होते, आरबी नावाचं पाटाचं दार उघडतं आणि पेशी एकाची दोन व्हायला निघते. पी१६, पी२१, पी२७ यांचं काम स्टार्टर पाडायचं. कॅन्सरात बऱ्याचदा पी१६चा जीन, म्हणजे ते प्रोटीन बनवायचा नकाशा, जागेवर असतो पण कुलूप लागल्यासारखा गप्प बसलेला. पी२१ला हुकूम देतं पी५३ नावाचं आणखी एक प्रोटीन, आणि बुरशीच्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष नेमकं त्या पी५३च्या जीनवर, २४९ नंबरच्या जागी घाव घालतं! तेव्हा खवट, काळपट दाणे निवडून फेका, भाजले म्हणून ते विष पूर्ण जात नाही. त्यात हेपॅटायटिस बी हा लिव्हरला सूज आणणारा विषाणू अंगात असला तर धोका कैक पटीनं वाढतो. दारू न पिणाऱ्याला हा कॅन्सर होतो तो असाही, म्हणून मामांची हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली का बघा, घरातल्या सगळ्यांचीही करून घ्या.

आता इंजेक्शनचं. प्रोटीन गिळलं तर पचून जातं, रक्तात सोडलं तर पेशीच्या आत सहज शिरत नाही. म्हणून मोटार अडवणाऱ्या गोळ्याच बनवल्या, त्यातल्या पाल्बोसिक्लिब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मंजुरी मिळाली, पण ती मंजुरी स्तनाच्या कॅन्सरसाठी. आणि आरबीचं दारच वाहून गेलं असेल तर मोटार बंद करून काय उपयोग, पाणी वाहतच राहणार. शिवाय पी२१ जरा दुतोंडी आहे बरं का, केंद्रकात असला तर पेशीला थांबवतो, बाहेर पेशीद्रवात गेला तर कॅन्सरच्याच पेशीला मरू देत नाही. त्यामुळं नुसतं वाढवून भागत नाही.

मामांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठी किती, उरलेलं लिव्हर किती शाबूत, ऑपरेशन होतं का. आणि कुणी काढा सांगितला तर त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.