जिप्सीला स्नॉर्कल लावू का? पाण्यातल्या पेट्रोल गाड्यांचे प्रश्न

प्रश्न (दोडामार्ग): माझी 1998 ची कार्बोरेटरवाली जिप्सी किंग आहे. काजू-रबराच्या बागेत जायला एक वहाळ ओलांडावा लागतो, पावसात पाणी गुडघ्याच्या वर असतं, एरवी संथ, जोराचा पाऊस झाला की ओढ असते. गेल्या पावसात गाडी मधोमध बंद पडली, ट्रॅक्टरने ओढून काढली, तासाभराने आपोआप चालू झाली. मेकॅनिक म्हणतो स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून ओढणारा उंच पाइप) लावा, सगळं सुटेल. लावू का?

उत्तर: लावा, पण ते सगळ्यात शेवटी, कारण तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. तासाभराने आपोआप चालू झाली म्हणजे इंजिनच्या आत पाणी गेलंच नव्हतं, भिजलं ते इग्निशन. डिझेल इंजिनाला ठिणगीच लागत नाही म्हणून डिझेलवाले पाण्यात निवांत असतात, पेट्रोलला मात्र क्षणाक्षणाला स्पार्क पाहिजे आणि तुमच्या गाडीत तो कॉइलमधून डिस्ट्रिब्युटर कॅपला (स्पार्क चार प्लगांत वाटणारं झाकण), तिथून चार वायरींनी प्लगला असा फिरून जातो, वाटेत कुठेही ओल धरली की करंट प्लगपर्यंत न पोचता मधेच बॉडीला उडतो. त्यात पुढचा पंखा बेल्टवर फिरणारा, तो पाण्याला लागला की सगळ्या इंजिनभर फवारा मारतो.

एक चाचणी घरीच करा. रात्री अंगणातले दिवे बंद करा, गाडी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या स्प्रेच्या बाटलीने प्लग वायर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा, शॉक जबर बसतो. जिथे निळसर ठिणगी नाचताना दिसेल किंवा इंजिन अडखळेल तिथे लीक आहे. वायरी जुन्या असतील तर चारही आणि कॉइलची मधली अशा पाचही बदला, कॅप आतून नीट बघा, केसासारखी बारीक चीर असली तरी नवीन घ्या. प्रत्येक रबरी टोपीच्या आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, कॅपच्या कडेलाही लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. जुन्या लोकांची युक्ती म्हणजे रबरी हातमोज्याची बोटं कापून त्यातून वायरी काढायच्या नि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा, ती अजूनही चालते, फक्त पलीकडे गेल्यावर काढून ठेवा नाहीतर आतच वाफ धरते. एवढं केलंत तरी तुमचा निम्म्याहून जास्त त्रास संपेल.

दुसरं काम ब्रीदरचं, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छोट्या तोटीचं, आणि याकडे कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, खर्च फक्त नळीचा आणि वाचतो अख्खा डिफरन्शियल (चाकांना फिरवणारा अ‍ॅक्सलमधला गिअरचा संच). चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही अ‍ॅक्सलच्या डोक्यावर छोटा ब्रीदर असतो, तो चिखलाने बुजलेला असेल तर हे हमखास होतं. तो काढून तिथे ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडा, वर बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) न्या, चाक वरखाली होताना ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांच्या ब्रीदरलाही तेच करा. पुढच्या चाकांच्या नकलमागचं (चाक वळतं त्या सांध्यामागचं) वायपर सील फाटलं असेल तर तेही बदलून घ्या, तिथून पाणी शिरलं की आतलं ग्रीस धुऊन जातं.

आता स्नॉर्कल. त्याचा उपयोग एकच, हवा वरून ओढणे. पण बाहेरचा पाइप झकास आणि आतले जोड ढिले असले तर पाणी जोडातूनच जाणार. बसवल्यावर इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्कलचं तोंड पुठ्ठ्याने घट्ट झाका, इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठूनतरी हवा घेतंय, म्हणजे तिथून पाणीही घेईल. फिल्टरचा डबा, त्याच्या खालची पाणी काढायची भोकं आणि क्रँककेसची नळी तपासा, पैसे मग द्या.

पाण्यात उतरताना ग्रिलपुढे ताडपत्री बांधा, तिने पंख्यावरचा मारा कमी होतो. पुढच्या चाकांचे हब आधीच लॉक करा, काठावरच 4एल (चारही चाकांचा लो गिअर) टाका, दुसरा गिअर, आणि माणूस चालतो त्याच्यापेक्षा थोडा जास्त वेग. पुढे एक लाट तयार होते, तिच्या मागे मागे राहिलात की बॉनेटखाली पाणी कमी चढतं. मधे क्लच दाबू नका, गिअर बदलू नका, थांबू नका. धडाधड पाणी उडवत जाणं व्हिडिओपुरतं ठीक आहे.

त्याआधी काठीने तळ चाचपत पायी जाऊन या, पण जिथे पाय उचलला जातो तिथे गाडीही घालायची नाही. जिप्सी जेमतेम टनभर वजनाची, आणि दोन फूट वाहतं पाणी तिच्याहून जड गाड्याही ओढून नेतं, तिथे फोर बाय फोर काही करू शकत नाही. वर घाटात पाऊस लागला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो हे तुम्हाला सांगायला नको, पाणी अचानक गढूळ झालं आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला की मागे फिरा, बागेतलं काम उद्या होईल.

आणि मधेच गाडी बंद पडली आणि फिल्टर ओला दिसला तर स्टार्टर अजिबात मारू नका. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, मग क्रँक करून पाणी बाहेर फेकू द्या. पेट्रोल गाडीची ही एक सोय, प्लग पान्याने पटकन निघतात. घरी आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं चालवा, मागच्या ड्रममधली रेती धुवा, ग्रीस मारा. सगळी ऑइलं बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला.

प्रश्न (पुणे): थार पेट्रोल घेतली. कंपनी 650 मिमी पाणी चालतं म्हणते, म्हणजे तेवढ्यात बिनधास्त जायचं ना?

उत्तर: तो आकडा संथ पाण्याचा, हळू वेगाचा धरा. तुमची स्वतःची लाट उसळली की बॉनेटपाशी पाणी त्याहून वर जातं, खड्डा आला तर आणखी. गाडीतल्या एका काठीला 650 वर टेप लावून ठेवा, अंदाजाने कोणाला कळत नाही. तुमच्याकडे कॉइल थेट प्लगवर असल्याने जिप्सीसारखा वायरींचा त्रास नाही, पण कनेक्टर आणि सेन्सर ढीगभर आहेत, ते स्वतः उघडू नका, वॉरंटीचा प्रश्न येईल. आणि इन्शुरन्सचे कागद काढा. इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकला तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन लागतो, त्यातही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला तर काय, ते वाचूनच सही करा.