घरात किती भरून ठेवावं?

या महिन्याच्या टपालात साथीच्या काळातल्या खरेदीवरची पत्रं बरीच आहेत. रुग्णालयाच्या औषधभांडारात माझी नोकरी झाली. माल मागवणं, मोजणं, मुदती बघणं आणि संपायच्या आत पुन्हा मागवणं, हेच काम. त्यामुळे साठा करणाऱ्यांना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : साथीची नुसती कुणकुण लागली की आमचे हे पिशव्या घेऊन बाहेर पडतात. २०२० मधले मास्कचे खोके अजून माळ्यावर पडून आहेत. मी म्हणते, हा शुद्ध स्वार्थ आहे. ते म्हणतात, "सगळे उचलतायत, मग आपणच रिकाम्या हातानं का परत यायचं?" ताई, तुम्हीच सांगा, कोणाचं चुकतंय?

उत्तर : यजमानांचा हिशेब वेडगळ नाही, आधी हे मान्य करा, म्हणजे घरातलं अर्धं भांडण मिटेल. बाकीचे लोक माल संपवणार असं एकदा वाटलं की आज घेऊन ठेवणं ज्याच्या त्याच्यापुरतं शहाणपणाचंच असतं. पंचाईत अशी, की हा शहाणपणा सगळ्यांना एकाच दिवशी सुचतो.

दुकानात माल येतो तो रोजच्या खपाच्या अंदाजानं. समजा, एका आठवड्यात शंभर घरं साबणाचा एकेक पुडा नेतात. पुढच्या आठवड्यात येणारी शंभर घरं घाबरून याच आठवड्यात आली आणि प्रत्येकानं एकाऐवजी दोन पुडे घेतले, तर शंभराच्या जागी चारशे पुडे जातात. फळी रिकामी झाली, पण यात हावरट म्हणावं असं एकही घर नाही! ब्रिटनमध्ये मार्च २०२० मधल्या घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या तेव्हा असंच दिसलं. गाड्या भरभरून नेणारे अगदी थोडे होते. फळ्या रिकाम्या झाल्या त्या प्रामुख्यानं असंख्य घरांनी नेहमीपेक्षा थोडंसं जास्त घेतल्यामुळे आणि एखादी फेरी जास्त मारल्यामुळे. फोटो मात्र छापून येतात ते गाडी भरून नेणाऱ्याचे.

शिवाय, सगळी वाढीव खरेदी भीतीपोटीच होते असंही नाही. टॉयलेट पेपरचंच बघा. त्यावरून जगभर विनोद झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगच्या माँगकॉक भागात तर चाकू दाखवून सुमारे सहाशे रोल पळवले गेले. पण माणसं दिवसभर घरी राहायला लागली की घरातला वापर खरोखरच वाढतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या उत्पादक कंपनीचा अंदाज होता, सगळं कुटुंब पूर्ण वेळ घरात असेल तर सुमारे ४० टक्के वाढ होईल. कचेऱ्यांत आणि हॉटेलांत लागणारे मोठे रोल वेगळे, त्यांची यंत्रं वेगळी, बांधणी वेगळी, गिऱ्हाईकही वेगळं. ते गोदामात पडून राहिले आणि घरगुती रोल मिळेनात. याला घबराट कसं म्हणायचं?

आता यजमानांची बाजू जिथे लंगडी पडते तिथे येऊ. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. काहींपुढे दहा बिस्किटांची बरणी ठेवली, काहींपुढे दोनच बिस्किटांची. बिस्किटं तीच, पण दोनवाल्या बरणीतली लोकांना जास्त हवीशी वाटली. दहाची दोन झालेली ज्यांनी डोळ्यांदेखत पाहिली, त्यांना तर आणखीच. आणि दुसऱ्यांनी नेल्यामुळे कमी झाली असं सांगितलं तेव्हा ओढ सगळ्यात जास्त होती. तुमचे हे दुकानात उभे राहून जे ठरवतात ते रिकामी फळी बघून ठरवतात. घरात काय संपतं, हा हिशेब तिथे डोक्यात नसतोच. म्हणून तर साबण वापरला गेला आणि खोके माळ्यावर राहिले.

त्यांना खरेदीपासून अडवू नका, त्यांच्या हातात वही द्या. महिनाभर घरात कुठली वस्तू किती संपली एवढंच त्यांनी लिहायचं. त्यावरून दोन आठवड्यांची बेगमी किती, ते निघेल. दोन आठवडे अशासाठी, की २०२० मध्ये बऱ्याच देशांत विलगीकरण १४ दिवसांचं होतं. घरातलं कोणी आजारी पडलं आणि बाहेर पडता आलं नाही, तर तेवढी सोय पुरते. ही बेगमी करायची ती साथ नसताना, दर खरेदीत एखादी वस्तू जास्त घेऊन. दुकानदाराला ते कळतही नाही आणि पुढच्या वेळी कुणकुण लागेल तेव्हा तुमचं घर रांगेत नसेल. माझ्या मते साथीच्या दिवसांत दुसऱ्यांसाठी करता येण्यासारखी ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, आणि ती शांत दिवसांतच करून ठेवावी लागते.

प्रश्न : ताप-सर्दीची साथ सुरू झाली की अँटिबायोटिकची एक-दोन पाकिटं घरात असावीत असं माझे मोठे बंधू सांगतात. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत निदान सुरुवात तरी करता येईल. योग्य आहे का?

उत्तर : नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जिथे ते चालतं तिथे कुठलं द्यायचं, किती दिवस द्यायचं हे तपासल्याशिवाय ठरत नाही. बंधूंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

औषधांचा साठा आणि साबणाचा साठा यांत फार मोठा फरक आहे. तुम्ही साबण जास्त नेला तर दुसऱ्याला दोन दिवस दुसऱ्या कंपनीचा वापरावा लागतो. औषधाचं तसं नसतं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली आणि टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दुकानांतून नाहीसं झालं, अगदी सुरतेपासून कितीतरी दूरच्या शहरांतूनही. २०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मूळच्या मलेरियावरच्या औषधाचं, ते कोविडवर चालेल या आशेपायी, तेच झालं. ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि सांधेदुखीच्या आमवाताचे रुग्ण ते रोज घेतात, वर्षानुवर्षं घेतात. घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये 'असू दे' म्हणून त्या गोळ्या जाऊन बसल्या आणि या रुग्णांना त्या मिळेनात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २८ मार्चला कोविडसाठी दिलेली तातडीची परवानगी १५ जूनला मागेही घेतली. ज्या आजारासाठी माणसांनी गोळ्या भरून ठेवल्या त्याला त्यांचा उपयोग नव्हता, आणि ज्यांना उपयोग होता ते दुकानं पालथी घालत होते. भांडारात काम केलेल्या माणसाला याचा संताप येतो, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या. साठा करू नका म्हणतात, पण साथीत तिचं औषध मिळालं नाही तर? किती ठेवलं तर चालेल?

उत्तर : तुम्ही साठा करायचाच आहे. ज्याचं औषध एक दिवसही चुकवून चालत नाही, त्याच्या घरी ते जास्तीचं असणं हा त्याचा हक्क आहे.

आम्ही भांडारात एक पातळी ठरवलेली असायची. शिल्लक तिथवर आली की मागणी गेलीच पाहिजे. संपल्यावर मागवायचं ही पद्धतच नाही. घरी ती पातळी एक महिना धरा. महिन्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणा. डॉक्टरांना सांगून चिठ्ठी तशी लिहून घ्या. यापेक्षा जास्त नको, कारण मात्रा बदलते, गोळीही बदलते, आणि मग जुन्या नव्याची सरमिसळ होते. वयस्कर माणसाच्या हातून तर नक्कीच होते.

नवं पाकीट आणलं की मागे ठेवायचं, जवळच्या मुदतीचं पुढे. आणि गोळ्यांच्या पट्टीचं एक बघा. मुदत आणि बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेला असतो. बरेच जण नेमकी तिथूनच पहिली गोळी काढतात, ते टोक कात्रीनं कापून फेकतात, आणि चार महिन्यांनी हातात उरतात बिनतारखेच्या चार गोळ्या. आईच्या पट्टीला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीजरच्या कप्प्याला किंवा मागच्या थंड भिंतीला टेकवून ठेवू नका; एकदा गोठलं की ते टाकायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. वापरायला काढलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे चालते, पण आपल्या औषधाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि उघडल्याची तारीख त्यावर पेनानं घाला. सुया आणि साखर तपासायच्या पट्ट्याही त्याच महिन्याच्या हिशेबात धरा. इन्सुलिन आहे आणि सुई नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

तापासाठी पॅरासिटामॉल घरात असावं, पण एक पाकीट. सर्दीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत तेच असतं. दोन-तीन प्रकार भरून ठेवले की माणूस नकळत दुप्पट घेतो. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा आहे, त्यापुढे यकृताला धोका.

प्रश्न : सॅनिटायझरच्या बाटल्या आणि ब्लीचचे कॅन उरलेत. मुदत गेली आहे. टाकवत नाही.

उत्तर : ब्लीच पडून पडून कमजोर होतं. फरशी पुसायला वापरून संपवा, पण एकटंच, खिडक्या उघड्या ठेवून. आम्लाच्या किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो. २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे क्लीनर आणि जंतुनाशकांमुळे झालेल्या त्रासाच्या ४५,५५० नोंदी झाल्या, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. साथीच्या विषाणूनं नाही, साथीसाठी आणलेल्या बाटल्यांनी.

सॅनिटायझरमध्ये निदान ६० टक्के अल्कोहोल लागतं. झाकण सैल राहिलेल्या जुन्या बाटलीत ते उरलं असेलच असं नाही, त्यामुळे हातासाठी साबण-पाणी बरं. त्या बाटल्या गॅसजवळ मात्र ठेवू नका, भडका उडतो. कंपनीचं नाव नसलेल्या बाटल्या अजिबात वापरू नका. त्या वर्षी बाजारात मिथेनॉल मिसळलेलं सॅनिटायझरही आलं होतं. मोरीत न ओतता घातक कचऱ्यात द्या.

प्रश्न : "अमुक वस्तू संपणार" असा निरोप आला आणि तो खोटा आहे हे मला माहीत असेल, तर "ही अफवा आहे" असं लिहून मी तो पुढे पाठवते. यात काही गैर नाही ना?

उत्तर : हेतू चांगला आहे, परिणाम उलटा होऊ शकतो. जपानमध्ये फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस टॉयलेट पेपर संपणार अशी अफवा उठली. मूळ अफवा फारशी पसरलीच नव्हती. ती खोटी आहे असं सांगणारे संदेश कितीतरी जास्त पसरले. वाचणाऱ्यांनी विचार केला, 'मला कळलंय की हे खोटं आहे, पण बाकीचे खरं मानतील आणि जाऊन घेतील.' मग तेही गेले. त्याच देशात १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या वेळी, ओसाकाजवळच्या सेनरी न्यू टाउनमध्ये याच वस्तूसाठी रांग लागली होती, ती बातमी झाली आणि झुंबड देशभर गेली. तेव्हा तर मोबाइलवरच्या निरोपांचीही गरज पडली नव्हती.

विचारलं त्याला सांगा. ज्यानं ती अफवा ऐकलेलीच नाही त्याला ती कशाला कळवता? रिकाम्या फळीचा फोटो तर मुळीच पाठवू नका.

प्रश्न : आमच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. मागच्या साथीत त्यांना काहीच मिळालं नाही. आमच्याकडे भरपूर होतं, पण "पुढे आपल्यालाच कमी पडलं तर" म्हणून सासूबाईंनी देऊ दिलं नाही. तेव्हापासून आजी बोलत नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर काय करू?

उत्तर : सासूबाईंशी तत्त्वावर वाद घालू नका. टंचाईच्या दिवसांत, भरल्या घरातलं काढून देताना कुणाचाही हात आखडतो. म्हणून वेळ येण्याआधीच आजींचा वाटा वेगळा काढा. तुमच्या यादीतच त्यांची यादी धरा, त्यांच्या पैशानं, त्यांना विचारून. त्यांना कुठला साबण चालतो, कुठली गोळी चालू आहे, चष्म्याशिवाय मुदत वाचता येते का, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते विचारायच्या निमित्तानं दार वाजवता येईल. सामान त्यांच्याच घरात ठेवा, तुमच्या नाही; म्हणजे देऊ की नको हा प्रश्नच सासूबाईंपुढे येणार नाही.

रांगेचं म्हणाल, तर मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या दुकानसाखळीनं सकाळी ७ ते ८ हा तास फक्त वृद्ध आणि अपंगांसाठी राखला होता, नंतर इतर ठिकाणीही ते सुरू झालं. तुमच्या जवळच्या दुकानात अशी सोय होईल का, हे साथ नसताना विचारून ठेवा. मालकाला वेळ असतो तेव्हा तो ऐकून घेतो.

आणि आजी बोलत नाहीत म्हणता, तर पहिल्यांदा यादी घेऊन जाऊ नका. नुसत्या जा.